सत्त्याण्णवशे आणि अठ्ठावन्नशे : जुन्या ग्राफिक्स कार्डांच्या तुलनेची प्रस्तावना

दोन ग्राफिक्स कार्डांची तुलना करायला बसलेला माणूस आधी कोष्टक आखतो. डावीकडे एक कार्ड, उजवीकडे दुसरं, आणि खाली क्लॉक, मेमरी, ट्रान्झिस्टर, किंमत अशा ओळी. ज्याच्या रकान्यात मोठे आकडे जास्त, त्याच्या बाजूनं निकाल. ही रीत एटीआयच्या रेडिऑन ९७०० प्रो आणि एनव्हिडियाच्या जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रा या जोडीला लावून पाहावी. चिपचा क्लॉक ३२५ मेगाहर्ट्झ विरुद्ध ५००. मेमरीचा प्रभावी वेग ६२० मेगाहर्ट्झ विरुद्ध १०००. ट्रान्झिस्टर अकरा कोटींच्या आसपास विरुद्ध साडेबारा कोटी. मेमरी दोन्हींवर १२८ एमबी, अमेरिकेतली सुरुवातीची किंमत दोन्हींची ३९९ डॉलर. पहिलं २००२ च्या ऑगस्टमध्ये दुकानांत आलं, दुसरं २००३ चे पहिले काही महिने उलटताना. म्हणजे ते नवंही. कोष्टकाला विचाराल तर सामना एकतर्फी आहे.

सामना एकतर्फी झालाही, पण बऱ्याच अंशी उलट्या दिशेनं. त्या काळात रुळलेल्या साध्या खेळांमध्ये ५८०० अल्ट्रा बरोबरीत राहायचं, कधी थोडं पुढेही जायचं. चित्राच्या कडा गुळगुळीत करणारं अँटिअलायझिंग चढवलं की ती आघाडी वितळायची. आणि मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्टएक्स ९ चे नवे शेडर, म्हणजे पिक्सेलचा रंग ठरवणारे छोटे प्रोग्रॅम, पुढ्यात आले की कार्ड सरळ मागे पडायचं. काही महिन्यांतच एनव्हिडियानं ते बाजूला सारून एफएक्स ५९०० पुढे आणलं. कोष्टक आणि इतिहास यांच्यामध्ये ही जी फट आहे, तिच्यात उतरून पाहणं म्हणजे जुन्या ग्राफिक्स कार्डांचा तुलनात्मक अभ्यास. या प्रस्तावनेत मी एकच धागा धरणार आहे : कोष्टकातला आकडा सहसा खरा असतो, पण तो कुठल्या तरी एका प्रश्नाचं उत्तर असतो, आणि तो प्रश्न कोष्टकात छापलेला नसतो.

जुनीच कार्डं कशाला, असं कोणी विचारेल. नव्या कार्डाची तुलना करताना ड्रायव्हर अजून घडत असतात, ज्या खेळांसाठी ते घेतलं ते खेळ अजून आलेले नसतात, आणि विकणाऱ्याप्रमाणेच घेणाऱ्याचाही जीव निकालात गुंतलेला असतो. वीस-पंचवीस हजार मोजलेला माणूस आपलं कार्ड हरलं हे सहजी मान्य करत नाही. जुन्या कार्डांच्या बाबतीत सगळा पुरावा हाती आलेला आहे. शिवाय अकरा-बारा कोटी ट्रान्झिस्टरांची चिप माणसाला डोक्यात मावते. आजच्या चिपांवर ते हजारो कोटींत असतात आणि त्यांच्यातल्या कुठल्या भागानं कुठल्या भागाला अडवलं हे सांगायला कंपनीतले अभियंतेही उपकरणांचा आधार घेतात. संगणकरचना शिकणाऱ्या विद्यार्थ्यानं इथून सुरुवात करावी असं मला वाटतं ते याचसाठी. संग्राहक आणि खेळांचे इतिहासकार आपल्या पायांनी येतातच.

आता या दोन घराण्यांची ओळख, थोडक्यात. एटीआय ही १९८५ साली कॅनडातल्या ओंटारिओत सुरू झालेली कंपनी. २००० साली तिनं आर्टएक्स नावाची छोटी कंपनी विकत घेतली. निन्टेन्डोच्या गेमक्यूबची ग्राफिक्स चिप घडवणारी हीच मंडळी, आणि ९७०० प्रोच्या पोटातली आर३०० ही चिपही मुख्यतः त्यांच्याच हातची. एनव्हिडिया १९९३ सालची, कॅलिफोर्नियातली. व्हूडू कार्डांनी एके काळी बाजार गाजवलेल्या थ्रीडीएफएक्स या प्रतिस्पर्ध्याची मालमत्ता घेण्याचा करार तिनं डिसेंबर २००० मध्ये केला, आणि तिकडचे बरेच अभियंते इकडे आले. ‘एफएक्स’ या अक्षरांत त्या घराण्याची आठवण आहे असं तेव्हा सगळेच म्हणत. दोन्ही कंपन्या चिप स्वतः बनवत नव्हत्या. तैवानच्या टीएसएमसीच्या कारखान्यातच दोघींचा माल तयार व्हायचा. फरक पडला तो तिथल्या निवडीत. एनव्हिडियानं नव्या १३० नॅनोमीटर प्रक्रियेवर डाव लावला आणि ५८०० अल्ट्रामधली एनव्ही३० ही चिप महिनोन्महिने रखडली. एटीआय जुन्या, सरावाच्या १५० नॅनोमीटरवर राहिली आणि वेळेत पोचली. २००२ च्या मे महिन्यात लॉस एंजेलिसच्या ई३ प्रदर्शनात ‘डूम ३’ हा खेळ मांडला गेला तेव्हा पडद्यामागे आर३०० चालत होती. पुढे २००६ मध्ये एटीआय एएमडीच्या ताब्यात गेली, पण ती वेगळी कथा.

मेमरीपासून सुरुवात करू, कारण इथला हिशेब शाळकरी गुणाकाराचा आहे. मेमरीचा वेग १००० मेगाहर्ट्झ, याचा अर्थ तारेवरून सेकंदाला शंभर कोटी वेळा बिट जातो. पण तारा किती? ५८०० अल्ट्राची मेमरी बस १२८ बिटांची, म्हणजे एका वेळी १६ बाइट. गुणाकार : सेकंदाला १६ जीबी. ९७०० प्रोची बस २५६ बिटांची, एका वेळी ३२ बाइट. ६२० मेगाहर्ट्झनं गुणलं की १९.८ जीबी. मेमरीचा वेग एकसष्ट टक्क्यांनी जास्त असलेलं कार्ड वाहतुकीत एकोणीस टक्क्यांनी मागे. एनव्हिडियानं त्या काळात अगदी नवी, महागडी आणि तापणारी डीडीआर२ मेमरी घेतली आणि अरुंद बसची भरपाई वेगानं करायचा प्रयत्न केला. एटीआयनं साधी डीडीआर घेऊन तारा दुप्पट केल्या. तारा वाढवल्या की बोर्डचे थर वाढतात, चिपला पाय जास्त लागतात, आराखडा किचकट होतो. पण तो खर्च एकदा केला की झाला.

हा फरक कुठे जाणवेल, याचा अंदाज कागदावरही करता येतो. पडदा १६०० × १२०० चा धरा, म्हणजे १९ लाख २० हजार पिक्सेल. एकामागे एक लपलेल्या वस्तूंमुळे प्रत्येक पिक्सेल सरासरी तीनदा रंगवावा लागतो असं समजा. दर वेळी खोलीची किंमत वाचायची, नवी लिहायची आणि रंग लिहायचा. चार-चार बाइट धरले तर बारा बाइट. सेकंदाला साठ फ्रेम हव्यात. सगळं गुणलं की सुमारे ४.१ जीबी. दोन्ही कार्डांना हे सहज झेपतं. आता चारपट अँटिअलायझिंग लावा. प्रत्येक पिक्सेलचे चार नमुने, म्हणून १६.६ जीबी. एका कार्डाची मर्यादा ओलांडली, दुसऱ्याची नाही. हा हिशेब मुद्दाम भाबडा ठेवला आहे. टेक्स्चर वाचण्याचा भार यात धरलेला नाही, आणि दुसरीकडे दोन्ही चिपा रंग आणि खोलीची माहिती दाबून पाठवतात, त्यामुळे खरी वाहतूक यापेक्षा खूप कमी असते. तरी अँटिअलायझिंग चढवल्यावर ५८०० अल्ट्राची आघाडी का ओसरायची, याची दिशा एवढ्या गुणाकारानं दिसते. चाचणीचे निकाल पाहण्याआधी असा अंदाज कागदावर मांडायची सवय लावून घ्यावी. निकाल अंदाजाशी जुळला तर बरंच. नाही जुळला तर अभ्यासाला विषय मिळाला.

पुढचा आकडा पाइपलाइनींचा, आणि इथे प्रकरण जरा वादाचं आहे. ९७०० प्रोमध्ये पिक्सेल रंगवणाऱ्या आठ पाइपलाइन, प्रत्येकीला एक टेक्स्चर एकक. ५८०० अल्ट्राच्या बाबतीत एनव्हिडियाच्या जाहिरातीत एका क्लॉकला आठ पिक्सेल असा उल्लेख असायचा. मात्र परीक्षकांनी भरण-वेगाच्या चाचण्या लावल्या तेव्हा रंगाचे पिक्सेल चारच बाहेर पडताना दिसले. रचना होती चार पाइपलाइन आणि प्रत्येकीला दोन टेक्स्चर एककं. आठ हा आकडा रंग न लिहिता फक्त खोली किंवा स्टेन्सिलची नोंद करायची असेल तेव्हा खरा होता.

पंगतीत वाढायला आठ वाढपी आहेत, प्रत्येकाच्या हाती एकच पातेलं. शेजारच्या मांडवात चारच वाढपी, पण दोन्ही हातांत पातेली, आणि पाय उचलायची चाल दीडपट. भात आणि वरण दोन्ही वाढायचं असेल तर शेजारचा मांडव पुढे जातो. नुसतं मीठ वाढायचं असेल तर त्या चौघांचा एकेक हात रिकामा राहतो. आकड्यांत सांगायचं तर एका टेक्स्चरच्या कामात ९७०० प्रो सेकंदाला २६० कोटी पिक्सेल रंगवतं आणि ५८०० अल्ट्रा २०० कोटी. पण पिक्सेलमागे दोन टेक्स्चरं आली की मोजणी टेक्स्चर नमुन्यांची होते, आणि ती २६० कोटी विरुद्ध ४०० कोटी अशी उलटते. १९९९ ते २००२ च्या दरम्यानचे बरेच खेळ भिंतीचं चित्र आणि तिच्यावरची उजेड-सावली अशी दोन टेक्स्चरं वापरायचे, म्हणून त्या खेळांत ५८०० अल्ट्रा तगडं वाटायचं. आणि ज्याला जाहिरातीतली चलाखी म्हटलं गेलं तो आठचा आकडाही पूर्ण पोकळ नव्हता. ऑगस्ट २००४ मध्ये बाजारात आलेला ‘डूम ३’ सावल्या पाडण्यासाठी स्टेन्सिलचा प्रचंड वापर करतो, रंग न लिहिता फक्त नोंदी. तिथे ५०० मेगाहर्ट्झ गुणिले आठ हा हिशेब कामाला येतो, आणि एफएक्स घराणं त्या खेळात इतर ठिकाणच्या मानानं बरंच सावरलेलं दिसतं. एकाच कार्डाची अब्रू एका खेळात जाते आणि दुसऱ्यात परत येते, ती अशी.

आतापर्यंतचे प्रश्न मोजण्याचे होते. पुढचा प्रश्न अधिक खोल आहे, आणि या जोडीला मी प्रवेशद्वार म्हणून निवडलं ते त्याच्यासाठी. दोन कार्डांना समान काम द्यायचं हे तुलनेचं पहिलं तत्त्व. पण समान काम देणंच अशक्य असेल तर?

डायरेक्टएक्स ९ च्या पिक्सेल शेडरमध्ये रंगांची आकडेमोड दशांशात, फ्लोटिंग पॉइंटमध्ये होऊ लागली. मायक्रोसॉफ्टनं पूर्ण अचूकतेची किमान अट ठेवली २४ बिटांची. जिथे शेडर लिहिणारा स्वतः सूट देईल, तिथे १६ बिट चालतील. आर३०० मध्ये पिक्सेल शेडरची सगळी आकडेमोड २४ बिटांत होते. ना कमी, ना जास्त. एनव्ही३० कडे १६ बिट आहेत, ३२ बिट आहेत, जुन्या पद्धतीचे १२ बिटांचे पूर्णांकही आहेत. फक्त २४ नाहीत. म्हणजे खेळानं पूर्ण अचूकता मागितली की ५८०० अल्ट्राला ३२ बिटांत शिरावं लागतं. अटीपेक्षा जास्त काम, आणि त्याच्यासाठी जास्त वेळ. १६ बिटांत धाव घ्यावी तर शेडर लिहिणाऱ्याची परवानगी हवी. त्यात भर म्हणजे चालू हिशेबाचे आकडे ठेवायला जी तात्पुरती रजिस्टरं लागतात, ती शेडरनं जास्त वापरली की एनव्ही३० ची गती झपाट्यानं उतरते, आणि ३२ बिटांचा आकडा १६ बिटांच्या दुप्पट जागा खातो. एनव्ही३० चे शेडर शेकडो सूचनांइतके लांब असू शकत होते. आर३०० ला ६४ गणिती आणि ३२ टेक्स्चर सूचनांच्या आसपास थांबावं लागायचं. कोष्टकात हीही ओळ एनव्हिडियाच्या बाजूनंच पडते. पण इतका लांब शेडर त्या चिपवर खेळाच्या गतीनं चालवण्याची सोयच नव्हती. चित्रपटांच्या दृश्यांसाठी फुरसतीनं एकेक फ्रेम काढायची असेल तर गोष्ट वेगळी. एनव्हिडियानं या तंत्राला ‘सिनेएफएक्स’ हे नाव दिलं होतं ते उगाच नव्हे.

मग १६, २४ आणि ३२ बिटांतला फरक डोळ्यांना दिसतो का? नुसत्या रंगांच्या बेरजेत बहुधा नाही. पण टेक्स्चरमधली जागा शोधताना दिसू शकतो. १६ बिटांच्या आकड्यात अपूर्णांकासाठी १० बिट असतात, त्यामुळे अर्धा ते एक या पट्ट्यात लागोपाठच्या दोन किमतींमध्ये १/२०४८ इतकं अंतर राहतं. २०४८ ठिपके रुंदीच्या टेक्स्चरवर म्हणजे नेमका एक ठिपका. दोन ठिपक्यांच्या मधली जागा सांगायला भाषाच उरत नाही आणि मऊ उतार पायऱ्यांसारखा दिसू लागतो. २४ बिटांच्या आकड्यात अपूर्णांकाचे १६ बिट असतात, ३२ बिटांत २३. तेव्हा ५८०० अल्ट्रा १६ बिटांत जलद धावलं तर ते कमी काम करून जिंकलं म्हणायचं का, आणि ३२ बिटांत हरलं तर जास्त काम करून हरलं म्हणायचं का? यावर एकच बरोबर उत्तर नाही. मात्र तुलना छापणाऱ्यानं कुठल्या अचूकतेवर मोजलं हे न सांगणं मला तरी क्षम्य वाटत नाही, आणि त्या काळातल्या बऱ्याच परीक्षणांत ते सांगितलेलं नाही.

अचूकतेचा हा प्रश्न पुढे ड्रायव्हरच्या घरात शिरला आणि तिथे त्याला फसवणुकीचा वास येऊ लागला. पार्श्वभूमी म्हणून आधी एक जुनी गोष्ट. २००१ साली एटीआयच्या रेडिऑन ८५०० वर ‘क्वेक ३’ ची फाइल नाव बदलून ‘क्वॅक ३’ केली तर गती घसरते, असं परीक्षकांच्या लक्षात आलं. ड्रायव्हर खेळाचं नाव ओळखून टेक्स्चरांचा दर्जा गुपचूप उतरवत होता. तेव्हा २००३ मध्ये एनव्हिडियाकडे बोट दाखवणाऱ्यांचेही हात स्वच्छ नव्हते, हे नोंदवून पुढे जाऊ.

फेब्रुवारी २००३ मध्ये फिनलंडच्या फ्यूचरमार्कनं ‘थ्रीडीमार्क०३’ ही चाचणी आणली. तिच्यातला कॅमेरा ठरलेल्या वाटेनं फिरतो. मे महिन्यात उघड झालं, की एनव्हिडियाच्या ड्रायव्हरला ती वाट पाठ आहे : कॅमेऱ्याच्या नजरेत न येणारा भाग तो कापून टाकत होता, काही ठिकाणी पडदा पुसण्याचं कामही टाळत होता. कॅमेरा वाटेवरून बाजूला नेला की चित्राची लक्तरं दिसायची. फ्यूचरमार्कनं ड्रायव्हरला चाचणी ओळखता येऊ नये असा बदल केला, तेव्हा एफएक्स ५९०० अल्ट्राचे गुण २४.१ टक्क्यांनी खाली आले. एटीआयचेही १.९ टक्क्यांनी उतरले. एका दृश्यातल्या शेडरच्या सूचनांचा क्रम आपण बदलत होतो, हे एटीआयनं मान्य केलं. जूनमध्ये फ्यूचरमार्क आणि एनव्हिडिया यांचं संयुक्त निवेदन आलं आणि ‘फसवणूक’ हा शब्द मागे घेण्यात आला. त्या निवेदनाची भाषा ज्याला वाचायची त्यानं वाचावी. मला तीत वकिलांचा हात दिसतो.

तरी इथे एक भेद नीट लक्षात ठेवायला हवा. एटीआयनं केलेला बदल गणिताच्या दृष्टीनं तेच चित्र देत होता. एनव्हिडियानं कापलेला भाग ठरलेल्या वाटेपुरताच न दिसणारा होता. दोन्ही ‘चाचणी ओळखून केलेले बदल’ आहेत, पण पहिला बदल खऱ्या खेळाच्या ड्रायव्हरमध्येही शोभला असता. दुसरा तिथे वापरला असता तर खेळणाऱ्यानं मान वळवताच जग फाटलं असतं. ऑक्टोबर २००३ च्या सुमारास एनव्हिडियानं नवा कंपायलर असलेले ड्रायव्हर आणले. ते शेडरच्या सूचना एनव्ही३० च्या सोयीनं पुन्हा रचायचे, रजिस्टरं वाचवायचे. ही सुधारणा अस्सल होती. त्यामुळे ‘५८०० अल्ट्रा किती वेगवान?’ याचं उत्तर मार्च २००३ चं वेगळं आणि नोव्हेंबर २००३ चं वेगळं, आणि त्या उत्तरातला किती वाटा हुशारीचा आणि किती लबाडीचा हे चित्रं शेजारी ठेवून, मोठी करून, पाहिल्याखेरीज सांगता येत नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये व्हॉल्व्हच्या गेब न्यूवेल यांनी ‘हाफ-लाइफ २’ चे आकडे जाहीर केले. पूर्ण डायरेक्टएक्स ९ मार्गावर एफएक्स ५९०० अल्ट्रा हे रेडिऑन ९८०० प्रोच्या जवळपास निम्म्यावर होतं, आणि एफएक्ससाठी १६ आणि ३२ बिट मिसळणारा वेगळा मार्ग लिहायला साध्या मार्गाच्या पाचपट वेळ गेला असं त्यांनी सांगितलं. खेळ नोव्हेंबर २००४ मध्ये आला तेव्हा एफएक्स कार्डांना तो आपणहून डायरेक्टएक्स ८ च्या पातळीवरच चालवायचा. हे आकडे खोटे होते असं मला वाटत नाही. पण त्याच सुमारास एटीआयच्या वरच्या कार्डाबरोबर ‘हाफ-लाइफ २’ चं कूपन मिळत होतं, हीही गोष्ट नोंदवहीत त्याच पानावर लिहिली पाहिजे.

चित्राच्या दर्जाबद्दल थोडंच सांगतो. तिरप्या पृष्ठभागावरची टेक्स्चरं स्पष्ट ठेवणाऱ्या अ‍ॅनिसोट्रॉपिक फिल्टरिंगमध्ये आर३०० कोन पाहून काम टाळते. काही कोनांतल्या भिंतींना ती कमी नमुने देते. एनव्ही३० ची मूळ पद्धत जास्त प्रामाणिक, पण ‘अनरिअल टूर्नामेंट २००३’ सारख्या खेळांत तिच्या ड्रायव्हरनं ट्रायलिनिअरची गाळणीच पातळ केली. अँटिअलायझिंगमध्ये मात्र आर३०० चे नमुने तिरकस मांडलेले आणि गॅमा सुधारलेले असल्यामुळे तिचा चारपटीचा दर्जा प्रतिस्पर्ध्याच्या चारपटीपेक्षा उघड सरस दिसतो. दोन कोष्टकांत ‘४×’ लिहिलेलं असलं तरी ते ४× सारखे नव्हेत.

कोष्टकात ज्याला रकानाच नव्हता अशीही एक गोष्ट होती : आवाज. ५८०० अल्ट्राचा ‘एफएक्स फ्लो’ हा पंखा दोन स्लॉटांची जागा अडवायचा, पेटीच्या मागून हवा ओढून मागेच फेकायचा, आणि थ्रीडी काम सुरू झालं की घरभर ऐकू यायचा. एनव्हिडियाच्याच मंडळींनी पुढे आपली थट्टा करणारी चित्रफीत काढली, तिच्यात हे कार्ड पाचोळा उडवायच्या यंत्रासारखं वापरलेलं दाखवलं आहे. गमतीचा भाग असा, की फार थोडी कार्डं विकली गेल्यामुळे आज संग्राहकांत मागणी याच हरलेल्या कार्डाला जास्त आहे.

आपल्याकडे ही लढाई बहुतेकांनी लांबूनच पाहिली. तेव्हा डॉलर ४८ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे जकात आणि दुकानदाराचा नफा धरण्याआधीच कार्डाची किंमत एकोणीस हजारांवर. घराघरांत आणि सायबर कॅफेत मदरबोर्डवरचंच ग्राफिक्स चालायचं. लॅमिंग्टन रोडवर जाऊन वेगळं कार्ड घेणारा गडी फार तर जीफोर्स४ एमएक्स ४४० किंवा एफएक्स ५२०० घ्यायचा. त्या दोघांमुळे मात्र आपल्याला तुलनेचा आणखी एक धडा फुकट मिळाला. एमएक्स ४४० च्या नावात चार होता, पण जीफोर्स३ मध्ये असलेले पिक्सेल शेडर त्याच्यात नव्हते. एफएक्स ५२०० च्या खोक्यावर डायरेक्टएक्स ९ छापलेलं होतं आणि ते खरंही होतं. फक्त डायरेक्टएक्स ९ चे खेळ त्या गतीनं खेळायची कोणाची छाती नव्हती. नावावरून आणि खोक्यावरून तुलना करू नये हे आपण ५८०० अल्ट्रा न पाहताच शिकलो.

ज्यांना ही कार्डं आज हाताळायची आहेत त्यांच्यासाठी काही कामाच्या सूचना. दोन्ही कार्डं एजीपी स्लॉटची आहेत. जुन्या ३.३ व्होल्टच्या एजीपी बोर्डात अशी कार्डं घालू नयेत. खाचा जुळत नसतील तर जोर लावू नये. दोन्हींना वीजपुरवठ्याची वेगळी वायर लागते, ती विसरू नये. वीस वर्षांत चिप आणि हीटसिंकमधला लेप वाळून खडखडीत झालेला असतो, तो पुसून नवा लावल्याशिवाय मोजलेला आकडा कार्डाचा नसून वाळक्या लेपाचा असतो. विंडोज एक्सपी घ्यावी आणि ड्रायव्हरची आवृत्ती दर निकालाशेजारी लिहावी. रेडिऑनवाल्यांना लिनक्सचाही मार्ग आहे : मेसा प्रकल्पातला मुक्त आर३०० ड्रायव्हर मूळ कंपनीनं हात काढून घेतल्यावरही टिकून राहिला. प्रोसेसर कुठला घ्यायचा हा मात्र खरा पेच. त्या काळचा पेंटियम ४ किंवा अ‍ॅथलॉन एक्सपी घेतला तर कमी रिझोल्यूशनवर दोन्ही कार्डं प्रोसेसरची वाट पाहत बसतात आणि आकडे एकसारखे येतात. नंतरचा वेगवान प्रोसेसर घेतला तर कार्डांमधला फरक स्वच्छ दिसतो, पण २००३ मध्ये कोणाच्या घरी काय अनुभव आला हे कळत नाही. इतिहास हवा की यंत्ररचना, हे आधी ठरवून घ्यावं.

निकाल मांडताना फ्रेमच्या संख्येऐवजी एका फ्रेमला लागणारा वेळ लिहावा, असा माझा आग्रह आहे. २० वरून ३० फ्रेमवर गेलेल्या कार्डानं दर फ्रेममागे १६.७ मिलिसेकंद वाचवले. १०० वरून ११० वर गेलेल्यानं जेमतेम ०.९. संख्येत दोन्हीकडे दहाचीच वाढ दिसते. शिवाय वेळ ही बेरीज-वजाबाकी करता येणारी गोष्ट आहे. अँटिअलायझिंगनं किती मिलिसेकंद खाल्ले, शेडरनं किती, हे वेगळं काढता येतं, आणि बसच्या हिशेबाशी ताडून पाहता येतं.

पहिल्या अभ्यासासाठी दोन कार्डं लागतही नाहीत. एफएक्स घराण्यातलं मिळेल ते एक कार्ड घ्यावं. ५८०० अल्ट्राच्या मागे लागून खिसा रिकामा करू नये, स्वस्तातलं ५६०० किंवा ५९०० चालेल. त्यावर ‘थ्रीडीमार्क०३’ ची मूळ आवृत्ती आणि मे २००३ नंतरची दुरुस्त आवृत्ती, तसेच एप्रिल २००३ आणि नोव्हेंबर २००३ च्या आसपासचे ड्रायव्हर, अशा चारही जोड्या चालवाव्यात. प्रत्येक दृश्याची ठरलेली फ्रेम साठवून ठेवावी आणि दोन फ्रेमांची वजाबाकी करून उरलेला फरक उजळ करून पाहावा. गुण बदलले आणि फ्रेम तीच राहिली तर तो कंपायलरचा पराक्रम. गुणांबरोबर फ्रेमही बदलली तर कुठली आकडेमोड कमी बिटांत गेली ते शेडर उघडून शोधावं लागेल, आणि त्यासाठी आधी शेडरची असेंब्ली वाचायला शिकावं लागेल.